दगडावर न उतरणारा उजेड

माझ्या कामात सावली म्हणजे जिथे मी हात लावत नाही ती जागा. काळ्या ग्रॅनाइटवर हिऱ्याच्या टोकाची सुई टोचली की पांढरा ठिपका उठतो. ठिपके दाट केले की कपाळ होतं, विरळ केले की गाल, आणि अजिबात केले नाहीत की डोळ्याखालचा खड्डा, नाकाची कड, हनुवटीखालचा अंधार. माणसाचा निम्मा चेहरा दगड आपल्याकडचा देतो. हे मी त्रायलोला पुष्कळदा सांगितलं. तो ऐकून घ्यायचा, मान हलवायचा, आणि पुढच्या खेपेला आधीपेक्षाही मऊ फोटो घेऊन यायचा.

त्रायलो आमच्या गावचा फोटोग्राफर. पेक नदीच्या काठाने जी गावं आहेत त्यांत फोटोग्राफर म्हणावा असा आता तोच उरलाय. बाकीच्यांची दुकानं मिटली. त्याचं टिकलं ते दगडांमुळे. आमच्याकडे माणूस जिवंतपणीच आपल्या थडग्याचा दगड उभा करतो. ऑगस्टमध्ये लोक व्हिएन्नाहून, झ्यूरिकहून येतात, अकरा महिने बंद असलेल्या तीनमजली घरांच्या खिडक्या उघडतात, लग्नं लावतात, जुनी भांडणं उकरतात, आणि परत जाण्याआधी दगडासाठी फोटो काढून घेतात. डावीकडे नवरा, उजवीकडे बायको, खाली नाव, जन्मसाल आणि एक आडवी रेघ. रेघेपुढचं काम मी नंतर करतो. ज्याने अजून दगड केलेला नाही त्याच्याबद्दल लोक म्हणतात, याचा मुलांवर फार भरवसा दिसतो.

त्रायलोचा बाप मेंढरं राखायचा. त्रायलो फोटो काढायला शिकला तो नौदलात, पुला नावाच्या बंदरात, खलाशांच्या ओळखपत्रांचे फोटो काढताकाढता. परत आला तेव्हा गावातलं सहकारी दूध केंद्र नुकतंच बंद पडलं होतं. ती खोली त्याने घेतली. छत बुटकं, भिंती छातीच्याही वरपर्यंत पांढऱ्या टाइल्सच्या, मध्ये पाणी वाहून जायला नाली. त्याच खोलीत फ्लोरिका दूध मोजायला बसायची. दूध केंद्र गेलं, मोजणारी राहिली. तिच्याशी त्याने लग्न केलं. देश तुटायला लागला त्या हिवाळ्यात ती व्हिएन्नाला गेली, एका हॉटेलच्या धुलाईखान्यात. एक वर्षासाठी म्हणून गेली. पुढे मुलगा दान्येलही तिच्याकडे गेला. त्रायलो एकदा तिथे राहायला गेला आणि दोन महिन्यांत परतला. विचारलं तर म्हणायचा, तिथे कायम ढग असतात, सगळं आधीच मऊ करून ठेवलंय, माझं काय काम. लोक हसायचे. खरं कारण त्याने कधी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. माझीही बायको काही वर्षं ग्राट्झला होती. अशा गोष्टी आमच्याकडे विचारत नाहीत.

बऱ्याच वर्षांपूर्वी त्याने माझ्याकडे जोडीचा दगड सांगितला. त्याची बाजू मी त्याच उन्हाळ्यात पुरी केली. जॅकेट, टाय नाही, एक हात कॅमेऱ्यावर. उजव्या बाजूला फ्लोरिकाचं नाव, जन्मसाल, रेघ. वरची जागा कोरी ठेवली, कारण फोटो तिला पसंत पडला नव्हता. त्याने तिला उघड्या फ्लॅशसमोर बसवलं होतं. तो उजेड माझ्या सुईसाठी फार चांगला होता, प्रत्येक सुरकुती सुटी. फ्लोरिकाने फोटो हातात घेतला आणि शांतपणे म्हणाली, ही तर माझी सासू आहे, आणि तिचा दगड झालाय आधीच.

तिथून त्याचं ते सुरू झालं.

उघडा दिवा म्हणजे लहानसा सूर्य, तो कापतो. मऊ उजेड पाहिजे तर दिव्यापुढे काहीतरी मोठं धरावं लागतं आणि ते माणसाच्या जवळ आणावं लागतं. त्रायलो मला समजवायचा: तीच वस्तू लांब नेली की ऊन होते, जवळ आणली की ढग. प्रश्न फक्त कोणता ढग, एवढाच. पुढच्या ऑगस्टमध्ये फ्लोरिका येताना स्वतःच एक पांढरी छत्री घेऊन आली. दिवा छत्रीतून मारायचा, छत्री चेहऱ्यापुढे उघडायची. पण छत्रीचा उजेड बेशिस्त. तो समोर जातो, मागे जातो, छताला लागतो, पांढऱ्या टाइल्सवरून उडतो आणि चारी बाजूंनी परत येतो. फोटोत फ्लोरिकाच्या चेहऱ्याला बाजूच उरली नाही. कच्चं पीठ, ती म्हणाली. पुढच्या वर्षी बघू.

पुढच्या वर्षी चौकोनी सॉफ्टबॉक्स. काळं कापड, पुढे पांढरा पडदा. उजेड जिथे पाठवाल तिथेच जातो. फ्लोरिकाने फोटो डोळ्यांजवळ नेला. तिच्या बुबुळांत दोन चौकोन चमकत होते. "या खिडक्या कुणाच्या? आपल्या घराला एवढ्या मोठ्या खिडक्या कुठायत?" त्यानंतर आला आठ कोनांचा मोठा डबा, त्याने डोळ्यांत गोल चमक येते, खिडकी दिसत नाही. तोही तीच घेऊन आली, बसच्या पोटातून, गुंडाळून, तंबूसारखा. गोल चमक बघून म्हणाली, डोळ्यांत बशी ठेवल्यासारखी वाटते. पुढच्या वर्षी.

असं बरीच वर्षं चाललं. ती नकार द्यायला यायची, आणि पुढच्या नकाराचं सामान सोबत आणायची. ते दोघं दगडाबद्दल कधी बोलत नव्हते, घराबद्दलही नाही, दिव्यांबद्दल बोलायचे. ऑगस्टभर टाइल्सच्या खोलीतून त्यांचे आवाज ऐकू यायचे, थोडं डावीकडे, थोडं वर, हनुवटी खाली. माझं दुकान समोरच आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीला ती बसमध्ये बसायची, आणि मग समोरून काही ऐकू यायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी ती चादरी घेऊन आली. हॉटेलमधल्या बाद चादरी, मधोमध विरलेल्या. त्रायलोने लाकडी चौकट ठोकली, चादर ताणून बसवली आणि दिवा मागून मारला. तो मला ओढत घेऊन गेला बघायला. नवी चादर उजेड अडवते, म्हणाला, शेकडो वेळा धुतलेली चादर तो गाळते. तो उजेड मी पाहिला. खरंच, असा उजेड आमच्या खोऱ्यात फक्त पहिला बर्फ पडायच्या आदल्या दुपारी असतो. कुठून येतोय ते कळत नाही. त्याने माझा हात पुढे धरला तर माझ्या हातावरच्या कामाच्या भेगा गेल्या. मला माझा हात ओळखू आला नाही.

त्या वर्षीही फ्लोरिका पुढच्या वर्षी म्हणाली. पण फोटो तिने पिशवीत घातला. आधीचे कधी घेतले नव्हते.

त्याच हिवाळ्यात बातमी आली की जूनमध्ये ती निवृत्त होणार. त्रायलो माझ्या दुकानात आला, शेगडीजवळ बसला, राकियाचा, आमच्या घरगुती दारूचा, पेला दोन्ही हातांत धरून. "या ऑगस्टला तिची बाजू पुरी करायची," म्हणाला. "दगडावर आली की परत येईल. ज्या बाईचा चेहरा इथे आहे ती म्हातारपणी दुसरीकडे कशी राहील?"

 मी म्हणालो, की तो चादरीचा फोटो मला कोरता येणार नाही. त्यात मला सोडायला जागाच नाही.

त्याला पटेना. मग मी एक उरलेला तुकडा घेतला आणि त्याच चादरीच्या उजेडात काढलेला एक फोटो त्यावर टोचून दाखवला. फोटो स्मिल्याचा होता. स्मिल्या त्रायलोची शेजारीण, विधवा, फ्लोरिकाच्याच वयाची. दोन्ही मुलं बाझेलला. गालांची हाडं फ्लोरिकासारखी म्हणून तो तिला हिवाळाभर दिव्यासमोर बसवायचा, आणि ती बसायची, कारण तिथे शेगडी पेटलेली असायची आणि कॉफी मिळायची. गावात जे बोलायचं ते लोक बोलले. स्मिल्याने ते सगळं ऐकलं होतं आणि तिला त्याची गंमत वाटत होती. तुकड्यावर उठलेला पांढरा गोळा बघून ती म्हणाली, "हे मी नाही. हे चीज आहे. मिठाच्या पाण्यात ठेवा, ईस्टरपर्यंत टिकेल."

त्रायलो हसला नाही. तुकडा दाराशी नेऊन तो बराच वेळ फिरवत राहिला.

मग त्याने त्या हिवाळ्यात जे केलं ते मी रोज समोरून पाहत होतो. फ्लोरिकाला मऊ उजेड पाहिजे, दगडाला सावली पाहिजे. दोन्ही एका चेहऱ्यावर बसवायचं. आधी त्याने चादर लांब नेली. सावली आली, पण सासूही आली. मग चादर पुन्हा जवळ आणली आणि खोलीकडे बघितलं. दोष दिव्यात नव्हता, टाइल्समध्ये होता. सावली व्हायला लागली की त्या पांढऱ्या भिंती ती पुसून टाकत होत्या. त्याने घरातली काळी घोंगडी आणली, बापाच्या वेळची, मेंढरांच्या लोकरीची, आणि एका बाजूची भिंत वरपासून खालपर्यंत झाकली. एका अंगाने चादर, दुसऱ्या अंगाने घोंगडी. एक देणार, दुसरं परत काही येऊ देणार नाही. स्मिल्या मध्ये. तिच्या गालावर उजेड यायचा तो कुठेही न अडखळता उतरत जायचा, आणि कानाजवळ पोचता पोचता काळा व्हायचा. कड नव्हती. पण अंधार होता.

"कोमशिया," स्मिल्या त्याला म्हणायची, आमच्याकडे शेजाऱ्याला म्हणतात तसं, "हिवाळाभर माझं तोंड वापरतोयस. झिजलं तर भरून कोण देणार?"

"झिजत नाही. उलट मऊ होतंय."

"मऊ व्हायला मी काय पाव आहे? आणि पुन्हा कोरणार दुसरीलाच."

तिचा स्वतःचा दगड कधीच झाला होता, नवऱ्याशेजारी, फक्त रेघेपुढचं राहिलं होतं. त्यामुळे हे ती अगदी निश्चिंतपणे म्हणू शकत होती.

मार्चमध्ये मी त्या उजेडातला फोटो दुसऱ्या तुकड्यावर कोरला. तो उतरला. स्मिल्याच होती, वय होतं, पण वयाने ओरबाडलेलं काही नव्हतं. मला हेवा वाटला, इतकी वर्षं मी कोरतोय आणि असा गाल मला कधी मिळाला नव्हता. त्रायलोने खुर्ची कुठे, चौकट कुठे, दिवा किती उंच, सगळ्याच्या खुणा फरशीवर चिकटपट्टीने केल्या. मग दिव्यांवर पांघरुणं घातली आणि कुणाला बसवलं नाही. एप्रिल, मे, जून खोली बंद. खानावळीत लोक विचारायचे, काय त्रायलो, ढग जमले का? तो म्हणायचा, जमलेत, पडायचे बाकी आहेत. त्याने घराची वरची खोली रंगवली. भाजीचे वाफे केले, जे त्याने आयुष्यात कधी केले नव्हते. भोपळी मिरच्या लावल्या, कारण फ्लोरिकाला त्या भाजून बरण्यांत भरायला आवडायचं आणि दर वर्षी बरण्या भरायच्या आधीच तिची बस निघायची. या वर्षी निघणार नव्हती, असं त्याने धरलं होतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ती आली. बसमधून उतरली तेव्हा मी दुकानाच्या दारात होतो, आणि मला क्षणभर वाटलं की दुसरंच कुणी उतरलं. केस आखूड कापलेले, पांढरे. गाल गेलेले. आजारी नव्हती, नंतर कळलं की वसंतात होती, आता बरी होती. चालणं तेच होतं. त्रायलोने तिची बॅग घेतली. रस्ता ओलांडताना तो तिच्याकडे पाहत होता, नवरा बघतो तसा नाही, उजेड कुठे मोजावा ते न सापडल्यासारखा.

दोन दिवसांनी त्याने मला बोलावलं, पांढरी थर्माकोलची फळी धरायला. फ्लोरिका खुर्चीत बसली. खुर्ची पट्टीवर, चौकट पट्टीवर, दिवा बरोबर तेवढ्याच उंचीवर. दिवा लागला.

तो उजेड स्मिल्यासाठी होता. हिवाळाभर त्याने दुसऱ्या बाईच्या गालांवर तो बेतला होता, आणि ज्या बाईच्या नावाने बेतला ती आठवणीतली होती. फ्लोरिकाच्या गालाजवळ आला की तो खड्ड्यात पडायचा आणि घोंगड्याच्या बाजूला काही शिल्लकच राहायचं नाही. अर्धाच चेहरा होता. त्रायलो खाली वाकला आणि नखाने फरशीवरच्या पट्ट्या उकलायला लागला. एक निघेना, तो गुडघ्यांवर बसून ती ओढत राहिला.

"त्रायलो," फ्लोरिका म्हणाली, "आधी ऐक. मग हलव काय हलवायचं ते."

तो तसाच बसून राहिला.

"हा फोटो मला तिकडच्यासाठी पाहिजे."

मी फळी खाली ठेवली. जावं की राहावं कळेना. दार त्या दोघांच्या पलीकडे होतं. फ्लोरिका माझ्याकडे बघून म्हणाली, थांब वोयिन, तुलाही सांगायचंच आहे.

त्रायलोने विचारलं ते भलतंच. "केवढा?"

तिने तळहात पुढे केला. "एवढा. अंडाकृती. चिनीमातीवर करतात तसा. दान्येलने तिकडच्या दफनभूमीत जागा बघितलीय, घरापासून ट्रॅमने जाता येतं. त्याची मुलं एकटीसुद्धा येऊ शकतात, रस्ता ओलांडायचा नाही."

"इथे दगड आहे."

"आहे."

"तुझं नाव आहे त्याच्यावर."

"तीस वर्षं मी तिकडे जिवंत होते, त्रायलो. इथे फक्त ऑगस्टमध्ये होते." ती हे भांडायला म्हणत नव्हती. चादरींची मोजदाद सांगावी तसं म्हणत होती. "मी इथे पडले तर कोण येईल?"

"मी येईन."

"तू माझ्या शेजारी असशील. मग कोण येईल?"

 खोलीत फक्त दिव्याचा पंखा घुमत होता. तिने चष्मा काढून ब्लाउजच्या कडेने पुसला. म्हणाली, सप्टेंबरमध्ये ती जाईल, आणि पुढे येईल तेव्हा येईल. प्रवास आता झेपत नाही. त्याला यायचं असलं तर दान्येलकडे खोली आहे. मग माझ्याकडे वळली. "आणि वोयिन, माझं नाव तिथून काढ. एका बाईने दोन ठिकाणी मरायचं नसतं."

मी त्रायलोकडे पाहिलं. तो उठला. गुडघ्यावरची धूळ झाडली, दिव्यापाशी गेला, आणि मला वाटलं आता तो दिवा बंद करेल. तो चौकटीपाशी उभा राहून तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, पहिल्यांदाच नीट, आल्यापासून.

"चिनीमातीवर," तो म्हणाला, "एवढ्याशा चित्रात काळं राहिलं की डाग दिसतो. वोयिन, ती घोंगडी उतरव."

मी म्हणालो, की मग सावली राहणार नाही.

"नकोच आहे."

घोंगडी जड होती, खिळ्यांवर अडकवलेली. एकेक उतरवत गेलो तशी टाइल्सची भिंत उघडी पडत गेली आणि पलीकडच्या बाजूने उजेड फ्लोरिकाच्या चेहऱ्यावर परत यायला लागला. त्रायलोने आठ कोनांचा डबा उचलून बघितला आणि ठेवून दिला. छत्री तर उघडलीही नाही. चादरीची चौकट त्याने तिच्या इतकी जवळ आणली की ती हात लांब न करता कापडाला बोट लावू शकली असती, आणि तिने लावलं. बोटाने कड चाचपली, शिवण बघितली.

"ही तिसऱ्या मजल्यावरची," म्हणाली. "तिसऱ्या मजल्याला निळा धागा असतो."

"हनुवटी खाली," त्रायलो म्हणाला. "श्वास सोड."

गालांचे खड्डे भरून आले, पूर्ण नाही, इतकेच की बघणाऱ्याने तिथे थांबू नये. कपाळ शांत झालं. आखूड केस उजेडात विरघळले. कोरायला मला त्यात एक ठिपकाभर जागा नव्हती. त्याने फार फोटो काढले नाहीत. एरवी तो बडबडायचा, लोकांना हसवायचा. त्या दिवशी प्रत्येक फोटोआधी थांबत होता, ती डोळे मिटून उघडेपर्यंत.

मग त्याने कॅमेऱ्याचा पडदा तिच्यापुढे धरला. ती बघत राहिली. मी आणि तो, दोघंही वाट बघत होतो. इतक्या वर्षांची सवय; आता ती म्हणेल, पुढच्या वर्षी.

"मुलं ओळखतील," ती म्हणाली.

तिने खुर्चीवरून पर्स उचलली, माझ्या खांद्याला हात लावला आणि घरी गेली, मिरच्यांना पाणी घालायला. त्रायलोने दिवा बंद केला. घोंगडी परत लावू का, मी विचारलं. तो म्हणाला, राहू दे. ती तिथेच जमिनीवर पडून राहिली.

बाकीचा ऑगस्ट चांगला गेला असं म्हणावं लागेल. ती दोघं संध्याकाळी नदीकडे जायची. लग्नांत गेली. स्मिल्याकडे कॉफी झाली. स्मिल्या म्हणे, बाई, तुझ्या वाटचं बसून बसून माझी पाठ धरली, आणि फ्लोरिकाने तिला व्हिएन्नाचं मलम दिलं. मिरच्या त्या वर्षी लवकर पिकल्या, किंवा त्रायलोने लवकर तोडल्या. अंगणात पत्र्यावर भाजल्या, सोलल्या, बरण्या भरल्या. सगळ्या रस्त्याला तो वास होता. अर्ध्या बरण्या तिच्या बॅगेत गेल्या. बसमध्ये चढताना ड्रायव्हर ओरडला, की फुटल्या तर सगळ्यांचे कपडे लाल होतील. त्रायलोने बॅग उतरवून पुन्हा बांधली, मध्ये कापड घालून. बस उशिरा निघाली ती त्यामुळे.

फोटो त्याने स्वतः छापला आणि पाठवला. नोव्हेंबरच्या आत तिकडून चिनीमातीवर भाजून झाल्याचं दान्येलने कळवलं. फार छान आलाय म्हणाला. दुकानदाराने विचारलं म्हणे, कोणत्या स्टुडिओत काढला.

नाव काढायला मी ऑक्टोबरच्या शेवटी गेलो. पितरांच्या शनिवारआधी करू, त्रायलो म्हणाला होता, लोक येतात, विचारत बसतात. दफनभूमीत वीज नाही; जनरेटर लावला, घासायचं यंत्र लावलं, पाणी सोडलं. नाव काढायचं म्हणजे अक्षरांच्या तळापर्यंत सगळीकडची पातळी खाली न्यावी लागते. काळा चिखल वाहत होता. तो जवळच्या दगडावर बसला होता, टोपी कानांवर ओढून. मी विचारलं, एवढाच चौकोन खरवडलेला ठेवू की परत चकाकी आणू. खरवडलेला ठेवला तर राखाडी दिसेल, काहीतरी होतं हे कळेल.  तो म्हणाला, चकाकी आण.

मी आणली. आधी जाड चकत्या, मग बारीक, शेवटी लेप लावून फेल्टने. पण गेलेला दगड परत भरता येत नाही. तिथे एक उथळ खोलगटपणा राहिला, बोटाला कळतो, डोळ्यांना कळत नाही. फक्त कुणी पुढे उभं राहिलं तर प्रतिबिंब त्या जागी जरासं रुंदावतं, गाल भरल्यासारखे वाटतात.

शनिवारी गाव होतं तेवढं आलं. म्हणजे आम्ही म्हातारे. थडग्यांवर कॉफीचे पेले, पेटवलेल्या सिगारेटी, पाव, मिरच्या. स्मिल्या आपल्या नवऱ्याला कॉफी ठेवून त्रायलोच्या दगडापाशी आली आणि त्या कोऱ्या अर्ध्यात वाकून बघायला लागली.

"वोयिन, यात मी जाडी दिसते."

मी म्हणालो, दगड खोटं बोलत नाही. ती म्हणाली, तू बोलतोस ना. मग तिने त्रायलोच्या हातात पावाचा तुकडा दिला, रडायला लागली, आणि रुमाल शोधत आपल्या रांगेकडे गेली.

दगडावरचा त्रायलो उजवीकडे किंचित वळलेला आहे. जोडीच्या दगडावर नवऱ्याला आम्ही तसाच वळवतो; ते आता मला बदलता येत नाही. खरा त्रायलो येतो दर शनिवारी. फडक्याने दगड पुसतो, आधी आपली बाजू, मग ती. पुसताना वाकावं लागतं म्हणून वाकतो, मान बाजूला करून. आणि पुसून झालं की डावीकडे सरकून उभा राहतो, आपल्या कोरलेल्या चेहऱ्याच्या अगदी समोर, म्हणजे त्या कोऱ्या अर्ध्यात कुणी दिसणार नाही.